वाईट वाटण्याचे इंग्रजी

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या मार्गालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ह्या दोन गावांच्या शिवारातली 332 एकर जमीन घेऊन कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ ह्या महामंडळाने गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस जेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटी वसविण्यास आरंभ केला, तेव्हा महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा ह्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीचे चित्र होते. आज तेथील काचेच्या इमारतींतून नानाविध यंत्रे आणि आज्ञावल्या बाहेर पडतात हे खरे, परंतु दिवसाकाठी तेथे सर्वांत विपुल प्रमाणात जे निपजते ते इंग्रजीच होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पत्रे, अहवाल, खुलासे, तक्रारी, तक्रारींवरची उत्तरे आणि त्या उत्तरांवरची स्मरणपत्रे, असा हा अखंड मजकूर ज्यांच्या बोटांतून उतरतो, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही. कोणाच्या घरी कानडी, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या ओडिया, आणि बऱ्याच जणांच्या घरी मराठी.

मराठी माणसाचा ह्या शहराशी असलेला संबंध नवा नव्हे. बंगळूर एके काळी शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीत मोडत होते, ही गोष्ट शाळेतील इतिहासाच्या पुस्तकामुळे सर्वांस ठाऊक असते. त्याहून कमी लक्षात राहणारी गोष्ट अशी की, ज्या कंपनीमुळे इलेक्ट्रॉनिक सिटीचे नाव दूरदेशी पोचले ती इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात स्थापन झाली, दोन वर्षांनी तिने आपले बिऱ्हाड बंगळुरास हलविले आणि 1994 मध्ये ह्या वसाहतीत आपला परिसर थाटला. सातारा, सांगली, लातूर, अमरावती, बेळगाव अशा ठिकाणांहून अभियांत्रिकीची पदवी घेऊन निघालेली मुलेमुली तेव्हापासून आजतागायत नीलाद्री रोडच्या आसपासच्या ‘पीजीं’तून राहत आली आहेत, आणि त्यांच्या इंग्रजीत व्याकरणाची चूक शोधू जाणाऱ्यास सहसा निराशच व्हावे लागेल. त्यांची अडचण निराळ्या ठिकाणी आहे. आनंदाचा व्यवहार ‘हॅपी’ आणि ‘ग्लॅड’ ह्या दोन शब्दांवर निभावून जातो, कारण ह्यांतला कोणताही शब्द कुठेही पडला तरी कोणाचे बिघडत नाही. परंतु मन नाखूश आहे हे इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग आला की समोर पंधरा-वीस शब्द हजेरी लावतात, ते सारे कोशात एकमेकांचे भाऊबंद म्हणून नोंदलेले असतात, आणि त्यांतला चुकीचा भाऊ निवडला तर लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेला अर्थ वाचणाऱ्याच्या पदरात पडतो.

‘मला वाईट वाटले’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील प्रयोग घ्या. मित्राने लग्नाला बोलावले नाही तर वाईट वाटते, शेजाऱ्याचे वडील गेले तर वाईट वाटते, आणि रागाच्या भरात आपण धाकट्या भावाला टाकून बोललो तर मागाहून त्याचेही वाईटच वाटते. पहिल्या ठिकाणी आपण दुखावलेले असतो, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच्या दुःखात सहभागी असतो, तिसऱ्या ठिकाणी आपणच अपराधी असतो, आणि मराठी श्रोता ह्या तिन्ही ठिकाणी प्रसंगावरून नेमका अर्थ उचलतो. ह्या प्रयोगाचे अक्षरशः रूपांतर करून ‘आय फेल्ट बॅड’ असे लिहिले की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या कानाला पुष्कळदा तिसरा अर्थ पहिल्याने जाणवतो. एखाद्या मराठी तरुणीने सहा महिने राबून पुरे केलेल्या कामाच्या श्रेयनामावलीतून तिचे नाव गळाले, आणि तिने लंडनमधील क्लायंटला सौम्यपणे ‘आय फेल्ट बॅड’ असे कळविले, तर तिकडचा सद्गृहस्थ बहुधा असे समजेल की हिच्याच हातून काही चूक झाली असून हिला आता ते खात आहे, आणि तो मोठ्या मनाने ‘काळजी करू नका’ असे उत्तर धाडील. तिला म्हणायचे होते ते ‘हर्ट’. बातमी कळल्यावर शेजारधर्माने म्हणावयाचे ते ‘सॉरी टु हिअर’. आणि टाकून बोलल्यानंतरचे जे, त्याला मात्र ‘फेल्ट बॅड’ चपखल बसते.

अशा वेळी कोशाचा आधार घ्यावा, असे कोणीही सुचवील. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि मेजर कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये मुंबईत छापून निघाला, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी लंडनमध्ये पीटर मार्क रॉजे ह्या वैद्याने समानार्थी शब्दांचा आपला सुप्रसिद्ध संग्रह प्रकाशित केला. दोन्ही ग्रंथ थोर आहेत आणि त्यांचे वंशज आज प्रत्येक संगणकात तैनात आहेत, परंतु कोशाचा धर्मच असा आहे की तो सारख्या अर्थाचे शब्द एका पंगतीस बसवितो आणि कोणाला कधी वाढायचे हे सांगण्याची जबाबदारी वाचकावर टाकून मोकळा होतो. आमच्या मते ह्या कामी रॉजेपेक्षा भरतमुनी अधिक उपयोगी पडतात. त्यांच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुणरसाचा स्थायी भाव मानला आहे, आणि जे तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊनजाऊन असणारे, भाव सांगितले आहेत त्यांत निर्वेद, ग्लानी, दैन्य, चिंता, विषाद अशी दुःखाच्याच कुळातील कितीतरी नावे येतात. परंतु ग्रंथकार त्यांना एकमेकांचे प्रतिशब्द म्हणत नाही. प्रत्येक भावाचा विभाव कोणता, म्हणजे तो कशामुळे उत्पन्न होतो, आणि अनुभाव कोणते, म्हणजे तो अंगावर कसा दिसतो, हे तो स्वतंत्रपणे सांगतो, कारण नटाला ‘खिन्न हो’ एवढी आज्ञा पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या पत्रलेखकालाही ती पुरत नाही. हे दुःख कशामुळे झाले, ते कोणाच्या माथी मारावयाचे आहे आणि ते किती काळ टिकणारे आहे, ह्या तीन गोष्टी ठरविल्या की इंग्रजी शब्द पुष्कळ वेळा आपोआप समोर येऊन उभा राहतो.

कचेरीतील पत्रव्यवहारात सर्वाधिक झिजलेले शब्द तीन: ‘डिसअपॉइंटेड’, ‘फ्रस्ट्रेटेड’ आणि ‘अपसेट’. ह्यांतला पहिला फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता बडतर्फ करणे. अपॉइंट म्हणजे नेमणूक, तिच्या उलट ते डिसअपॉइंट. हुद्द्यावरून काढलेल्या माणसाची जी मनःस्थिती होते तीच पुढे शब्दाचा अर्थ होऊन बसली, आणि म्हणूनच ह्या शब्दात अपेक्षा गृहीत असते: ज्याच्याकडून काही मिळावयाचे नव्हतेच, त्याच्याविषयी डिसअपॉइंट होता येत नाही. ‘फ्रस्ट्रेटेड’च्या मुळाशी ‘व्यर्थ’ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपल्याकडील वकील मंडळी हा शब्द फार जपून वापरतात. 1872 च्या करारविषयक कायद्याच्या 56 व्या कलमाखाली, पुढे काही घडल्यामुळे करार पाळणेच अशक्य होऊन बसले, तर त्या स्थितीला ते फ्रस्ट्रेशन म्हणतात, आणि तेथे कोणाच्या रागलोभाचा संबंध नसतो. भावनेच्या प्रांतातही हा शब्द तितकाच नेमका आहे. प्रयत्न चालू आहे, मध्ये अडथळा आहे, पुनःपुन्हा धडक देऊनही तो हटत नाही, अशा माणसाने फ्रस्ट्रेटेड व्हावे. ज्याने काही प्रयत्नच केला नाही त्याला हा शब्द वापरण्याची मुभा नाही. ‘अपसेट’चा एक जुना अर्थ उलटणे, विशेषतः नाव उलटणे असा आहे, आणि त्यातले डचमळणे अद्याप गेलेले नाही: अपसेट झालेला माणूस तूर्त स्थिर नाही, थोड्या वेळाने होईल, आणि तोवर त्याच्याशी जरा बेताने वागावे, असा सारा भाव त्यात येतो. म्हणूनच हाताखालच्या माणसाविषयी ‘तो अपसेट आहे’ हे सहानुभूतीचे वाक्य होते, परंतु मॅनेजरने स्वतःविषयी ‘मी अपसेट आहे’ असे लिहिले की ती सूचना राहत नाही, इशारा होतो.

ह्या शब्दांच्या मागे कोणते अव्यय लागते, ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. कामाचा निकाल मनासारखा लागला नाही तर ‘डिसअपॉइंटेड विथ’ म्हणावे. त्याच वाक्यात ‘इन’ घालून पुढे माणसाचे नाव लिहिले की त्याच्या कामावरचा शेरा त्याच्या चारित्र्यावरचा होतो, आणि एप्रिलच्या सुमारास, अप्रेझलच्या हंगामात, ह्या दोन अक्षरांनी मने कायमची दुरावलेली आढळतात. हा भेद मराठी माणसाला अवघड वाटू नये. आपणही एखाद्या माणसावर नाराज असतो, त्याच्या वागण्याने व्यथित असतो, घडल्या प्रकाराबद्दल खेद बाळगतो आणि त्या प्रकारामुळे खिन्न होतो. ह्यांतले ‘वर’ आणि ‘मुळे’ परस्परांच्या जागी घालून पाहिले म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययांनी हेच काम किती शतके मुकाट्याने केले आहे ते कळून येते. क्लायंटच्या संदर्भात ह्या वसाहतीत एक आणखी प्रयोग चालतो, तो म्हणजे ‘क्लायंट इज नॉट हॅपी’. हे दुःखाचे विधानच नव्हे. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘नाराज’ हा शब्द ह्याला जितका तंतोतंत लागू पडतो तितका दुसरा पडत नाही, आणि हे वाक्य ज्या सायंकाळी कानी येते त्या दिवशी घरी जाण्याची वेळ पुढे गेली असे धरून चालावे.

फारसीचा विषय निघालाच आहे तर ‘बेजार’विषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण ह्या एका शब्दाने बंगळुरात आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यातच गोंधळात पडतो. आपण कामाने, कटकटीने किंवा दुखण्याने जेरीस आलो म्हणजे बेजार होतो. कानडीत हाच शब्द गेला तो मात्र फार ऐसपैस होऊन बसला: करमत नाही तरी बेजार, उदास वाटते तरी बेजार, कोणाच्या बोलण्याने मन दुखावले तरी बेजार. ‘बेजार माड्कोबेडी’ असे कानडी सहकारी म्हणतो तेव्हा ‘जेरीस येऊ नका’ असे त्याचे सांगणे नसते, ‘मनाला लावून घेऊ नका’ असे असते. हाच सहकारी इंग्रजीत लिहू लागला की आपल्या ह्या एका व्यापक शब्दासाठी त्याला ‘बोअर्ड’, ‘सॅड’ आणि ‘हर्ट’ ह्यांतून निवड करावी लागते, आणि त्याची त्रेधा आपल्या ‘वाईट वाटले’च्या त्रेधेची सख्खी बहीण असते. दोघांनाही सहज सुचणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘पथेटिक’. सिल्क बोर्डच्या चौकातील वाहनांची रांग, उपाहारगृहातील सांबार आणि गतवर्षीची पगारवाढ ह्या सर्वांस आपल्या देशात हे एकच विशेषण चालते. ज्याने करुणा उत्पन्न व्हावी ते पथेटिक, असा त्याचा पूर्वीचा अर्थ. आता त्यातली करुणा गळून तुच्छता तेवढी उरली आहे, आणि परक्या वाचकाला ती तुच्छता आपल्याला वाटते त्याहून बरीच झोंबते. रस्त्याविषयी म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. तेथे 2010 मध्ये दहा किलोमीटरचा उड्डाणमार्ग झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका आली, तरी चौकाने आपली कीर्ती अजून सोडलेली नाही. माणसाच्या कामाविषयी मात्र हा शब्द लिहू नये.

आता मृत्यूच्या प्रसंगाकडे वळू, कारण इंग्रजीत ह्या प्रांतातले शब्द सर्वांत जुने आणि सर्वांत काटेकोर आहेत. ‘सॅड’ हा शब्द प्राचीन इंग्रजीत पोट भरलेल्या, तृप्त माणसाला लावीत. तृप्तीवरून जडत्व, जडत्वावरून गांभीर्य आणि गांभीर्यावरून खिन्नता, असा त्याचा प्रवास झाला, आणि आता तो इतका सौम्य झाला आहे की पावसाळी दुपारपासून सिनेमाच्या शेवटापर्यंत कशालाही लागतो. ‘ग्रीफ’चे तसे नाही. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘जड’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे, तो शब्द आपल्या संस्कृत ‘गुरु’चा दूरचा आप्त आहे, आणि हा गुरुभार इंग्रजी माणूस सहसा मृत्यू किंवा तत्सम अपरिमित हानी झाल्यावाचून उचलीत नाही. ‘सॉरो’ म्हणजे तेच दुःख पण निवलेले, दीर्घ, बोलण्यापेक्षा लिहिण्यात अधिक येणारे. भरताच्या परिभाषेत ‘सॅड’ हा व्यभिचारी तर ‘ग्रीफ’ आणि ‘सॉरो’ हे स्थायीच्या जवळचे. ‘मोर्निंग’ हा शब्द तर मनापेक्षा आचाराचा, म्हणजे आपल्या दुखवट्याचा. दुखवटा पाळता येतो, ग्रीफ पाळता येत नाही. ह्या मंडळींत आपल्या देशातील कचेऱ्यांनी ‘सॅड डिमाइज’ नावाचे एक जोडपे नांदविले आहे, आणि सहकाऱ्याच्या आप्ताच्या निधनाची वार्ता ह्याच शब्दांनी सर्वांना कळविली जाते; निधन आनंदाचे असण्याचा संभव नसल्याने ‘सॅड’ येथे केवळ मानाचा म्हणून उभा असतो. परदेशी वाचकाला हे विचित्र वाटेल, परंतु आम्हांला त्यात वावगे दिसत नाही. आपल्याकडे ‘दुःखद निधन’ म्हणण्याचा प्रघात आहे, तोच येथे इंग्रजी वेषात अवतरला आहे, आणि प्रघाताला तर्काचा दाखला मागू नये.

ज्या शब्दाबाबत मात्र तर्क लढवावाच लागतो तो म्हणजे ‘रिग्रेट’. पूर्वी मृताकरिता विलाप करणे असा अर्थ असलेला हा फ्रेंच शब्द आता इतका थंड झाला आहे की अर्ज नामंजूर झाल्याच्या छापील पत्रात तो वर्षानुवर्षे पडून असतो. आपला ‘दिलगीर’ ह्याच वाटेने गेला. फारसीत दिलगीर म्हणजे ज्याचे काळीज दुःखाने धरले आहे असा खिन्न माणूस. मराठीत आज दिलगिरी ही फक्त व्यक्त केली जाते, ती कोणाला होत नाही. ‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलॉजी’ ह्यांच्यातील अंतर हे दिलगिरी आणि माफी ह्यांच्यातील अंतर आहे: दिलगिरीत घडले ते वाईट घडले एवढे मान्य होते, माफीत ते आमच्या हातून घडले हेही मान्य होते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या तीनच दिवस आधी, 10 एप्रिल 2019 रोजी, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनी पार्लमेंटात त्या घटनेबद्दल तीव्र ‘रिग्रेट’ व्यक्त केले, त्या घटनेला ब्रिटिश हिंदुस्थानच्या इतिहासावरील लाजिरवाणा व्रण म्हटले, आणि विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन ह्यांनी निःसंदिग्ध माफीची मागणी केली. त्यापूर्वी 2013 मध्ये डेव्हिड कॅमेरॉन अमृतसरला गेले, तेथील अभिप्रायवहीत त्यांनीही लज्जास्पदतेचा उल्लेख केला, पण माफीचा शब्द टाळला. दुःख व्यक्त करणाऱ्या दोन शब्दांतून एक निवडणे ही गोष्ट केवळ शैलीची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये. ते शब्द निवडणारे इंग्रजीच्या मायदेशातले होते, आणि त्यांनी चुकून काही निवडले नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीत हीच निवड रोज लहान प्रमाणावर घडते. यंत्रणा चार तास बंद पडली म्हणजे ग्राहकास धाडावयाच्या पत्राचा मसुदा होतो, आणि त्यात गैरसोयीबद्दल ‘रिग्रेट’ लिहावे की ‘अपॉलॉजाइज’ करावे ह्यावर वरिष्ठांचे खल होतात, कारण दुसऱ्या शब्दामागून नुकसानभरपाईची मागणी येऊ शकते. ‘सॉरी’ ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो माफीलाही चालतो आणि सांत्वनालाही, आणि ह्या दुहेरीपणामुळेच तो बोलण्यात सोयीचा व कागदावर गैरसोयीचा ठरतो. कायद्याच्या दप्तरात डोकावल्यास ‘डिस्ट्रेस’चाही असाच चमत्कार दिसतो. आपण ज्याला मनाचा आकांत म्हणून ओळखतो, तोच शब्द थकलेल्या भाड्यापोटी भाडेकरूचे सामान जप्त करण्याला लावीत. 1882 च्या प्रेसिडेन्सी शहरांतील लघुवाद न्यायालयांच्या कायद्यात ह्या जप्तीसाठी एक अख्खे प्रकरण आहे आणि त्याचे शीर्षकच ‘डिस्ट्रेसेस’ असे आहे. जप्तीचा हुकूम घेऊन दारात उभा असलेला बेलीफ डोळ्यांपुढे आणला, तर हा शब्द साध्या नाराजीला का वापरू नये ते समजते.

काही भावना अशा की त्यांना आपल्याकडे शब्द आहेत आणि तिकडे वाक्ये करावी लागतात. गाडी डोळ्यांदेखत निघून गेल्याची चुटपुट, आजीला शेवटचे भेटता आले नाही ही रुखरुख, दुसऱ्याचे उभे पीक गारपिटीने गेल्याचे ऐकून होणारी हळहळ, रविवारी रात्री घरून बस निघताना दाटून येणारी हुरहुर, ह्यांना एकेका विशेषणात कोंबण्याचा हट्ट धरला की ‘सॅड’ ह्या बापड्या शब्दावर सगळा भार पडतो. इंग्रजी माणूस अशा वेळी क्रियापदाकडे वळतो. ती गोष्ट मला टोचत राहते, माझ्याने ती मनातून काढवत नाही, असे तो लिहितो. आपणही तसेच करावे. परक्या भाषेत विशेषण शोधत बसण्यापेक्षा काय घडले ते सरळ सांगणे बहुधा अधिक प्रामाणिक होते आणि वाचणाऱ्याला अधिक कळते.

सर्वांत शेवटी ‘डिप्रेस्ड’, आणि ह्याच्याशी थोडे सावकाश बोलले पाहिजे. खाली दाबणे हा त्याचा लॅटिन धात्वर्थ. अर्थशास्त्रात तो मंदी होतो, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन वाऱ्याचा वेग ताशी 31 किलोमीटरच्या पुढे गेल्यावरच हवामानखाते त्याला ‘डिप्रेशन’ म्हणते, तत्पूर्वी नाही. डॉक्टरांचाही असाच दंडक आहे. नोकरकपातीची अफवा ऐकून सायंकाळपुरते ‘डिप्रेस्ड’ झालेल्या तरुणाला खरे म्हणजे ‘लो’ किंवा ‘डाउन’ वाटत असते. ज्याला हवालदिल किंवा ‘टेन्शन’मध्ये म्हणतो तो ‘अँक्शस’ असतो, आणि ह्या शब्दाच्या मुळात अरुंद होण्याचा, गळा आवळला जाण्याचा अर्थ असून संस्कृत ‘अंहस्’ त्याच गोत्रातला आहे. कामाने पोखरून निघालेला माणूस ‘बर्नआउट’चा शब्द उच्चारतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला रोग न म्हणता नोकरीशी निगडित अवस्था म्हटले आहे. ‘डिप्रेशन’ ह्या सर्वांहून वेगळे. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोंके ह्यांनी तयार केलेली आणि जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक चाचणी आहे, ती मागील दोन आठवड्यांचा हिशेब विचारते आणि प्रत्येक उत्तराला शून्यापासून तीनपर्यंत गुण देते. विशेष असे की तीत ‘सॅड’ हा शब्द नाही. पहिला प्रश्न कशात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे काय असा आहे. पुढे झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि स्वतःला कमी लेखणे ह्यांची चौकशी येते, आणि शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याच्या विचारांचा आहे, ज्याला ‘होय’ असे उत्तर येत असेल त्याने गुणांची बेरीज करीत न बसता त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. भरताने अनुभावांवरून भाव ओळखावयास सांगितले, ह्या मंडळींनीही शब्दापेक्षा खुणाच अधिक मोजल्या आहेत.

बंगळुरातील निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्थाही ह्याच होसूर रस्त्यावर आहे. शहरातून त्या रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्याच्या वाटेवर तिचे फाटक लागते. तिने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याच्या विकाराने गाठल्याचे आढळले. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू केली, तिचे मध्यवर्ती केंद्र निम्हान्सकडे आहे, आणि तिची संगणकीय बाजू उभारणारी आयआयआयटी-बंगळूर ही संस्था खुद्द इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. 14416 हा क्रमांक फिरविणाऱ्यास आपली भाषा निवडता येते, आणि सेवा वीस भाषांत दिली जाते. नीलाद्री रोडवरच्या पीजीत रात्री अकराला फोन लावणाऱ्याला तेथे ‘डिप्रेस्ड’ आणि ‘डाउन’ ह्यांतला भेद उलगडीत बसण्याचे कारण नाही. कशात मन लागत नाही, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, एवढे घरच्या भाषेत सांगितले तरी पलीकडच्या समुपदेशकाला पुढचे प्रश्न सुचतात. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला एका दिवसाच्या रजेसाठी दोन ओळी लिहावयाच्या असतात तेव्हा ‘अनवेल’ हा शब्द पुरेसा होतो. तो कारण सांगत नाही, मुदत सांगत नाही, कोणाच्या माथी काही मारीत नाही, आणि एका दिवसाच्या रजेकरिता त्याहून अधिक खुलासा सहसा कोणी मागतही नाही.